माणशी किती?

युरोपातल्या कार्बन डायऑक्साइडवर आमच्या साडूंइतकी बारीक नजर ठेवणारा माणूस बिदर जिल्ह्यात दुसरा नव्हता, हे मी खात्रीनं सांगतो. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान; चिटगुप्प्याच्या शाळेत भूगोल शिकवत. त्यांची एकुलती एक मुलगी २००३ साली कॉम्प्युटरच्या नोकरीसाठी जर्मनीला गेली आणि तिकडंच राहिली. तिथल्या हवेच्या काळजीपोटी त्यांनी माणशी किती कार्बन याचा आलेख सुरू केला. मुलगी ई-मेलनं आकडे पाठवी, हे सायबर कॅफेतून छापून आणत. भिंतीवर चौकटीचा कागद, प्रत्येक देशाची निराळ्या रंगाची रेघ. स्पेनची बरीच वर्षं चढून मग उतरली. जर्मनीची उतरली की ते बायकोकडं, म्हणजे आमच्या अक्कांकडं, जास्त साखरेचा चहा मागत. लक्झेंबर्गवर मात्र त्यांचा राग. "एवढुसा देश, आन् माणशी बघा कुठं जाऊन बसलाय!" नुसता एकूण आकडा सांगणाऱ्याला ते पुढं बोलू देत नसत. मन्नाएखेळ्ळीच्या एका लग्नात त्यांनी चुलीतलं सरपण आणि जेवलेली माणसं पत्रिकेच्या पाठीवर लिहून भागाकार केला आणि नवरीच्या बापाला सांगितलं, "मेहकरच्या लग्नात माणशी लाकूड कमी जळालं होतं."

"गुरुजी, तुम्ही जेवलाव का न्हाई?"

"जेवलो की. मला धरूनच भागलंय."

२०११च्या जनगणनेच्या वेळी मी त्यांच्याच ओसरीवर होतो. मोजणीला आलेल्या बाई त्यांची जुनी विद्यार्थिनी.

"सर, घरात किती माणसं?"

"तीन," आतून अक्का म्हणाल्या.

साडूंनी नकारार्थी मान हलवली. मग म्हणाले, "दोन."

"कामून? पोरगी न्हाई व्हय आपल्याला?" अक्कांनी आतूनच विचारलं.

"हाय की. पर तिकडच्या माणसांत धरलीय तिला. एक डोकं दोन देशांत मोजलं तर दोन्हीकडचं गणित खोटं होतंय."

नियमही तसाच आहे, असं मी म्हटलं. कुणी ऐकलं नाही. बाईंनी दोन लिहिले. आत भांडी जोरात वाजली. बाई फाटकापर्यंत पोचल्या तेव्हा साडू अनवाणीच त्यांच्यामागं गेले.

"बाळ, लिहू नको. पर पोरीचं इचार तरी."

बाई थांबल्या. त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि कागदावर बघत एकेक रकाना विचारला: नाव, वय, शिक्षण, जन्मगाव. साडू सावकाश, स्वयंपाकघरात ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं, उत्तरं देत राहिले.