बुजगावण्याची बंदूक

आमच्या रत्नागिरीच्या कचेरीत शस्त्रपरवान्याच्या टेबलावर एक गृहस्थ बसतात. बंदुकीला ते कधी बंदूक म्हणत नाहीत, ‘वस्तू’ म्हणतात. बागेतले वांदर हाकलायला माझ्याकडे आजोबांची ठासणीची बंदूक आहे. तिचा लाकडी दस्ता वाळवीने खाल्ला, तो बदलायची परवानगी मागायला गेलो, तर अर्जासोबतच्या फोटोत नळीवरचा नंबर नीट दिसत नाही म्हणून त्यांनी मला परत पाठवलं. पुन्हा गेलो, पुन्हा पाठवलं.

निवडणूक लागली तेव्हा नेहमीसारख्या आम्हा सगळ्यांच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा झाल्या. त्याच दिवसांत देवरूखला जाताना वाटेत हे गृहस्थ आपल्या काजूच्या बागेत उभे दिसले. समोर त्यांचाच जुना शर्ट घातलेलं बुजगावणं होतं, हात पुढे धरलेले पण रिकामे. त्याच्या खांद्यावर बसून एक वांदर काजूचा रसाळ बोंडू खात होता.

“ह्याच्याकडे लाकडी वस्तू होती,” ते म्हणाले. “नंबरसुद्धा कोरलेला. ठाण्यात घेईनात, म्हणून घरी कपाटात कुलपात ठेवलीय.”

“अहो, पण ती लाकडाची ना?”

“वांदरांना ते कुठे ठाऊक होतं?”

तेवढ्यात वांदराने बुजगावण्याच्या खिशातून एक कागद ओढला. इतका वेळ बोंडू खाल्ला जात असताना नुसते बघत उभे असलेले गृहस्थ हात जोडून पुढे धावले.

“अहो, ती माझ्या सहीची पोच आहे. फाडू नका. तिच्याशिवाय त्याला वस्तू परत मिळायची नाय.”