एका कुटुंबाला एकच किलो

आमच्या घरात माणसांपेक्षा पॉइंटांची काळजी जास्त घेतली जाते. घरात कोणी आजारी पडलं तर बाबा म्हणतात, होईल बरं. पण एखाद्या दुकानाच्या कार्डावरचे पॉइंट मुदत संपून गेले की त्या दिवशी बाबांना जेवण जात नाही. शेजारचे काका सांत्वनाला येऊन बसतात. आई त्यांना चहा देते आणि हळू आवाजात सांगते, किती होते म्हणून.

बाबा पाटबंधारे खात्यातून मोठे बाबू म्हणून रिटायर झाले. फायलीच्या मागे लागण्याची सवय मात्र काही रिटायर झाली नाही. ती आता कार्डं, कूपनं आणि कॅशबॅक यांच्या मागे लागली. सिंदी मेघेतल्या आमच्या घरी दुपारच्या वेळी कोणी आलं तर त्याला एक देखावा हमखास दिसतो. आई आणि बाबा एकाच दिवाणावर बसून एकमेकांना फोनवरून पैसे पाठवत असतात, कारण पाठवणाऱ्याला स्क्रॅच कार्ड मिळतं. बाबा आईला पाठवतात, आई तेच पैसे बाबांना परत पाठवते, आणि मग दोघं बोटानं आपापली काच घासतात. एकदा आईला कुत्र्याच्या खाण्यावर सूट मिळाली. आमच्याकडे कुत्रा नाही. बाबा दोन दिवस कुत्रा आणावा का, या विचारात होते.

माझं मत विचाराल तर ते अगदी साधं आहे. काय घ्यायचं ते घरी ठरवावं, आणि बिल करताना कार्ड दाखवावं. मिळालं तर मिळालं. काय घ्यायचं हे कार्डाला विचारायला गेलात की संपलात. बाबा कार्डाला विचारतात, म्हणून आमच्या न्हाणीघरात फिनेलचे कॅन भिंतीला लावून उभे आहेत, आणि एकावर एक फुकट मिळालेले टब इतके आहेत की आंघोळीला जागा करायला आधी दोन टब अंगणात न्यावे लागतात.

माझ्या लग्नाचं निघालं तेव्हा बायोडाटासोबतचा फोटोसुद्धा बाबांनी कूपनावर काढून घेतला. फोटोग्राफरनं मला इतकं गोरं केलं की नाक पुसलं गेलं. दोन डोळे आणि केसांतली फुलं, एवढीच मी त्यात उरले होते. हाच फोटो बाबांनी मोठा करून बैठकीत लावला, कारण मोठी प्रत मोफत होती.

विहारातल्या ओळखीतून वडनेरचं एक स्थळ आलं. मुलगा हिंगणघाटच्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत कामाला. त्याला वडील नाहीत, म्हणून बोलणी त्याच्या मामांनी बाबांशी फोनवर केली. मग आम्हा दोघांना एकमेकांचे नंबर दिले. मी सेलूच्या शाळेत शिकवते. याआधीची दोन स्थळं मी नोकरीवरूनच मोडली होती. यानं मात्र मी न विचारताच म्हटलं, "शाळा काऊन सोडायची? आपण मधी कुठं घर पाहू." त्यानंतर मी रोज त्याच्या फोनची वाट पाहायला लागले. मला हे लग्न हवं होतं. मनापासून हवं होतं, आणि हे मी घरात कोणालाच सांगितलं नव्हतं, नाहीतर बाबांनी त्याच्यातही काही स्कीम शोधली असती.

"माझ्या आईचं हो आलं की झालं समज," तो म्हणाला होता. "पन ते बायोडाटा नाई पाहत. माणूस पाहते."

रविवारी ते लोक पाहायला येणार होते. त्याच्या आधी पाहुण्यांसाठीचं सामान आणायला आम्ही तिघं बसस्टँडकडच्या मोठ्या दुकानात गेलो. तिथं तेव्हा स्कीम होती: ठरावीक रकमेच्या वर बिल झालं की एक रुपयात एक किलो साखर. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, एका कुटुंबाला एकच किलो.

ती बारीक अक्षरं बाबांना स्कूटर लावतानाच दिसली. त्यांनी आम्हाला तिथंच बाजूला घेतलं. सामान तीन ठिकाणी वाटायचं, तीन लायनीत उभं राहायचं, तीन वेगळे मोबाइल नंबर सांगायचे.

"आत गेल्यावर कोणी कोणाले ओळखत नाई," बाबा म्हणाले. "तू मले बाबा म्हणू नको. तुझी आई तर मले तशीबी ओळख देत नाई."

आईनं मान डोलावली. मी चिडले, पण गेले. आमच्या घरात चिडणं आणि जाणं दोन्ही एकदमच होतं.

आत बाबा माझ्या शेजारच्या लायनीत होते. आणि त्यांना मधूनच आपली नेहमीची सवय आठवली. कोणाकडे कार्ड नसलं की बाबा आपला नंबर पुढे करतात, म्हणजे त्या माणसाच्या खरेदीचे पॉइंट बाबांच्या खात्यात. माझ्या मागे एक बाई मिठाईचा डबा घेऊन उभ्या होत्या, सुती पातळ, केसांचा घट्ट अंबाडा. त्यांच्याकडे कार्ड नव्हतं. बाबा शेजारच्या लायनीतून वाकून म्हणाले, "ताई, कार्ड नसन तर माझा नंबर सांगजा. तुमचं काई जात नाई." बाईंनी त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि बरं म्हणाल्या.

माझं बिल होत आलं तेव्हा काउंटरवरच्या मुलीचं लक्ष माझ्या कापडी पिशवीकडे गेलं. मग बाबांच्या पिशवीकडे. मग पलीकडे आईच्या पिशवीकडे. बाबांच्या निरोप समारंभात सगळ्यांना वाटलेल्या त्या पिशव्या. तिन्हींवर बाबांचा हार घातलेला रंगीत फोटो आणि खाली 'सेवापूर्ती सोहळा'. घरून निघताना कोणाच्याच ते डोक्यात आलं नाही. आम्ही बारा महिने त्याच पिशव्या वापरतो.

मुलीनं मॅनेजरला बोलावलं. मॅनेजरनं बाबांचा चेहरा पाहिला, माझ्या पिशवीवरचा चेहरा पाहिला.

"काका, तुमचा फोटो या मॅडमच्या पिशवीवर काऊन हाये?"

"पुष्कळ लोकाइले वाटल्या मी पिशव्या," बाबा शांतपणे म्हणाले. "कोणाकडेबी असू शकते."

"आन् त्या काकूंकडं?"

"त्याइलेबी भेटली असन."

पलीकडून आई म्हणाली, "मले बाजारात सापडली."

मॅनेजरनं मला विचारलं, "मॅडम, हे तुमचे वडील होय का?"

मी तोंड उघडायच्या आत बाबा बोलले. अडखळले नाहीत की काही नाही. "नाई हो. मी नाई ओळखत या पोरीले."

ते स्कीमसाठी होतं हे मला माहीत होतं. तरी आत काहीतरी तुटलं. इतकं सहज कसं काय जमतं माणसाला? मॅनेजरनं पुन्हा विचारलं, मग घरी कोण आहे तुमच्या? रागाच्या भरात मी म्हटलं, "कोणी नाई."

मॅनेजर ओशाळला. त्यानं मला साखर दिली. बाबांना आणि आईला दिली नाही, कारण त्यांचे चेहरे त्याला संशयास्पद वाटले.

बाहेर त्या मिठाईवाल्या बाईंनी माझ्या हातातली जड पिशवी स्वतःकडे घेतली आणि मला समोरच्या रसवंतीत नेलं. उसाचा रस पाजला. मी काय करते, कुठं राहते, विचारलं. शाळेत शिकवते, इथं जवळच राहते, एवढंच मी सांगितलं. रस्त्याच्या पलीकडे बाबा आणि आई स्कूटरजवळ उन्हात उभे होते. आम्ही अजून अनोळखीच होतो, त्यामुळे त्यांना इकडे येता येत नव्हतं. आई सारखी पदरानं घाम पुसत होती. बाई माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "एवढी गुणाची पोरगी, आन् कोणी नाई म्हंते." मला तेव्हाच खरं सांगायला हवं होतं. पण तो हात इतका बरा वाटत होता की मी ग्लास संपेपर्यंत गप्प बसले. मग त्यांची बस आली.

रविवारी पाहुणे आले. आमच्या स्वयंपाकघराच्या पडद्याला फट आहे, तिथून आई आणि मी पाहत होतो. आधी मामा आले, मग तो, आणि त्याच्यामागे तोच अंबाडा, तेच सुती पातळ. आई न्हाणीघरात न मावलेल्या एका फिनेलच्या कॅनवर बसली. चहाचा ट्रे मी घाईघाईनं ओट्यावर ठेवला.

बैठकीत त्यांनी बाबांना लगेच ओळखलं. "तुमीच ना ते, नंबर सांगणारे?"

बाबा काहीतरी हसल्यासारखं करून म्हणाले, "लोकाइची मदत करा लागते."

बाई भिंतीवरच्या माझ्या फोटोकडे बघत राहिल्या. त्या फोटोवरून मला माझ्या सख्ख्या मावशीनंही ओळखलं नसतं. मग त्या बाबांकडे वळल्या.

"भाऊ, राग नका मानजा. मी सरळ बोलणारी बाई. शब्द देल्ला होता म्हून आली, पन माझं मन इथं लागून नाई राह्यलं. त्या दिवशी दुकानात एक पोरगी होती, तुमच्यासमोरच. तिचं कोणी नाई. मले सून म्हून तेच पोरगी पाह्यजे. तिच्या पिशवीवर तुमचा फोटो होता. तुमाले पत्ता लागन का तिचा?"

"आई, काय बोलून राह्यली?" मुलगा कुजबुजला. त्याचे कान लाल झाले होते.

पडद्याआड मला हसू आणि रडू एकदमच येत होतं. माझं लग्न माझ्यामुळेच मोडायला निघालं होतं. आणि ते वाचवणं फक्त बाबांच्या हातात होतं. मला सांगता आलं असतं, नाही असं नाही. दोन पावलं बाहेर टाकली असती तर झालं असतं. पण मी गेले नाही. मला ते बाबांच्या तोंडून ऐकायचं होतं.

बाबांची अडचण मला कळत होती. ओळखत नाही म्हणावं तर पाहुणे उठून जाणार. ओळखतो म्हणावं तर आपल्या पोटच्या पोरीला भर दुकानात नाकारणारा बाप म्हणून हे लोक त्यांना जन्मभर ओळखणार, तेही कशासाठी, तर साखरेसाठी. मोठ्या बाबूंनी कधी कोणापुढे मान खाली घातलेली आम्ही पाहिली नव्हती. अशा वेळी ते खात्यातली जुनी वाट धरतात, तशी त्यांनी आताही धरली.

"चौकशी करा लागन," ते म्हणाले.

"करा ना," बाई म्हणाल्या. "आमी थांबतो."

मामांनी घड्याळ पाहिलं. आईनं माझा हात धरला.

"ताई," बाबा म्हणाले, आणि त्यांचा आवाज मला ओळखूच येईना. "चौकशीची गरज नाई. ते पोरगी माझी हाये. माझीच हाये. एका किलो साखरेसाठी मी नाई म्हटलं. ते कोणी नाई म्हणाली, तेबी माझ्यावर चिडून. तिले काई नका म्हणजा. जे म्हणायचं ते मले म्हणा."

मी ट्रे घेऊन बाहेर गेले. चहा बशांमध्ये सांडला होता. बाईंनी मला पाहिलं, भिंतीवरचा फोटो पाहिला, पुन्हा मला पाहिलं. मुलानं तोंडावर रुमाल धरला होता आणि त्याचे खांदे हलत होते. बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी मला हाताला धरून शेजारी बसवलं.

"मले पोरगी पसंत हाये," त्या म्हणाल्या. "पन माय, दुकानात यानं तुले नाई म्हटलं. आता तू सांग. हा माणूस तुझा कोण होय?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते खाली, आपल्या पायाच्या अंगठ्याकडे पाहत होते. नाही म्हणायची एवढी चांगली संधी मला पुन्हा कधी मिळणार नव्हती, आणि खरं सांगते, जिभेवर ते क्षणभर आलंही होतं.

"बाबा होय माझे," मी म्हटलं. "बाबा, चहा घ्या, थंडा होऊन राह्यला."

त्यांनी कप घेतला. पण तो त्यांनी मांडीवर नुसताच धरून ठेवला, म्हणून शेवटी मलाच तो त्यांच्या तोंडाशी धरावा लागला.