दगडू अजून माझ्याकडेच आहे

विनायक गेल्याची बातमी मला विनायकनेच कळवली. म्हणजे त्याच्या नंबरावरून आली. रविवारची सकाळ होती, मी आरशासमोर दाढीला बसलो होतो, निम्म्या गालावर फेस होता आणि बेसिनच्या कडेला ठेवलेला फोन वाजला. ‘विनायक गेला.’ एवढाच मजकूर. आता या माणसाचा लौकिक असा, की भेटायचा कंटाळा आला की तो काय वाट्टेल ते कळवायचा. एकदा ‘माझा साखरपुडा चालू आहे’ असं कळवून घरी मटण शिजवत बसला होता. त्यामुळे मला शंकाच आली नाही. आमची त्या दिवशी भेट ठरलेली होती, तो टाळतोय, एवढंच मी धरून चाललो. फेसाच्या बोटाने मी उत्तर पाठवलं, ‘मग दगडू माझा.’ पुढे एक हसरा चेहरा. उत्तर वाचल्याच्या निळ्या खुणा लगेच उमटल्या. मग बराच वेळ काहीच नाही... आणि मग फोन. पलीकडे त्याची बहीण मंदा होती. “सुधीरभाऊ, मेसेज मी केला होता. काल कंपनीतच छातीत दुखायला लागलं दादाला...”

स्मशानात मी अर्ध्या दाढीने उभा होतो. एका गृहस्थांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, सांभाळा स्वतःला. दुःखाने माझी ही दशा झाली असं त्यांना वाटलं. माझं लक्ष मात्र त्याच्या वडिलांच्या हातातल्या फोनकडे होतं. तो विनायकचा फोन होता, आणि त्यात माझा हसरा चेहरा होता.

दगडू कोण, हे सांगायचं तर पंधराएक वर्षं मागे जावं लागेल. आम्ही दोघं चाकणच्या एका कंपनीत होतो, मी पर्चेसला, तो मेंटेनन्सला, आणि नाशिक फाट्यावरून एकाच कंपनीच्या बसने जायचो. ओळख मात्र नव्हती. मला त्या काळात एक लाजिरवाणा नाद होता. घडी घालता येणारा, दोन पडद्यांचा, हातात मावणारा खेळ मी जेवणाच्या डब्याच्या पिशवीत लपवून न्यायचो. त्या खेळात रानावनात हिंडून चित्रविचित्र प्राणी पकडायचे, पाळायचे, वाढवायचे आणि दुसऱ्या खेळणाऱ्याशी त्यांची अदलाबदल करायची. बायकोला मी तो भाच्यासाठी घेतलाय असं सांगितलं होतं. मला भाचा नाही, हे तिला माहीत होतं. तर एकदा मोशीच्या सिग्नलला मागच्या सीटवरून कुणीतरी हळूच म्हणालं, “ओ राव, तुमच्या पोळीभाजीला हिरवा दिवा लागलाय.”

हा हिरवा दिवा नीट सांगायला हवा. असे दोन खेळ मिटलेल्या अवस्थेत जरी एकमेकांजवळून गेले, तरी ते आपसात रामराम करतात आणि बिजागरीपाशी एक हिरवा दिवा लागतो. मग उघडून पाहिलं, की समोरच्याने स्वतःसारखा केलेला एक बाहुला आपल्या पडद्यावर चालत येतो, मालकाने लिहून ठेवलेलं वाक्य बोलतो, आणि आजवर किती वेळा गाठ पडली तो आकडा दाखवतो. विनायकच्या बाहुल्याच्या डोक्यावर पिवळं हेल्मेट होतं आणि तो रोमन अक्षरांत विचारायचा, ‘बस आली का?’ बसमध्ये बसलेल्या माणसाला हे विचारणारा तो बाहुला पाहून मला जे हसू फुटलं, त्यातून आमची मैत्री सुरू झाली.

तो खेळात तरबेज, मी आनंदीआनंद. इतक्या वर्षांत मी तो खेळ एकदाही शेवटपर्यंत नेलेला नाही. कामातही फार उजेड नव्हता. एकदा मी ओ-रिंग मागवताना आतला व्यास सांगायचा तिथे बाहेरचा सांगितला आणि कशातच न बसणाऱ्या रबरी चकत्यांचं अख्खं खोकं मेंटेनन्सला जाऊन पडलं. विनायकने आरडाओरडा केला नाही. दुसऱ्या दिवशी बसमध्ये त्याने मला गोगलगायीसारखा एक वेटोळ्याचा प्राणी बक्षीस दिला. पाहतो तर त्याचं नाव ‘ओरिंग’. मी लगेच नाव बदलायला गेलो. नाव बदलेना. तेव्हा त्याने मला या खेळाचा कायदा समजावला: प्राणी कितीही हातांतून फिरला तरी ज्याने तो पहिल्यांदा पकडला त्याचं नाव त्याच्यावर कायम राहतं, आणि त्याचं नाव बदलायचा अधिकारही फक्त त्यालाच. “जन्मभर सांभाळ आता,” तो म्हणाला. “कोण कुठला विचारलं, तर खाली माझी सही आहे.”

पुढे मी नोकरी बदलली, ताथवड्याला फ्लॅट घेतला. भेटी थांबल्या, पण अदलाबदल थांबली नाही, कारण तेव्हा ती इंटरनेटवरून होत असे. तो कासारवाडीत, मी ताथवड्यात, आणि प्राणी आकाशमार्गे. आम्ही आळशी झालो. फोनवर बोलणंसुद्धा ‘पाठव’, ‘मिळाला’, एवढ्यावर आलं. आणि मग कंपनीने जाहीर केलं, की हा खेळ आता जुना झाला, त्याची ऑनलाइन सेवा बंद. मला वाटलं संपलं. विनायकचा फोन आला. “अरे, आकाश बंद झालंय, जमीन आहे ना! दोन डब्या जवळजवळ धरल्या की अजून चालतं. रविवारी स्टेशनावर ये.” तेव्हापासून आम्ही चाळिशीतले दोन बाप्ये कासारवाडी स्टेशनच्या बाकावर मांडीला मांडी लावून बसू लागलो. अदलाबदल चालू असताना उठायचं नाही, लांब जायचं नाही, हा नियम. मी एकदा लोणावळा लोकलमधून उतरलेल्या शेंगदाणेवाल्याच्या मागे धावलो आणि मधेच संपर्क तुटला. विनायक प्लॅटफॉर्मभर ओरडत होता, “जागेवर बस, भावा! तो मधेच अडकलाय!” लोक रुळांकडे धावले. कोण अडकलंय म्हणून.

खरं सांगायचं, तर सेवा बंद झाली म्हणून आम्ही एकमेकांना पुन्हा दिसलो. त्याचे केस पांढरे झालेत, जिना चढून आल्यावर तो उगाच वेळापत्रक वाचत उभा राहतो, हे मला त्या बाकावर कळलं. वेळापत्रक त्याला पाठ होतं. ते मला कळूनही वळलं नाही, ते सोडा.

दगडू हा त्याने पकडलेला पहिला प्राणी. ओबडधोबड, खडकासारखा, आखूड पायांचा. या खेळात काही प्राणी असे असतात, की त्यांना कितीही वाढवा, दुसऱ्याच्या हाती दिल्याशिवाय त्यांचं पुढचं रूप येतच नाही. दगडू त्यातला. एकदा समोरच्याकडे पाठवायचा, तिथे तो पालटतो, मग परत घ्यायचा. आम्ही असे कितीतरी प्राणी एकमेकांकडून पालटून घेतले, पण दगडूला त्याने कधी हात लावू दिला नव्हता. कारण विचारलं तर म्हणायचा, “तुझ्या हातात द्यायचा म्हणजे ओ-रिंग व्हायची त्याची.” शेवटच्या भेटीत मात्र तो आपण होऊन म्हणाला, “चल, आज दगडूला मोठा करू.” बदल्यात काहीतरी द्यावं लागतं म्हणून मी एक फडतूस कबूतर त्याच्याकडे पाठवलं. दगडू माझ्या पडद्यावर आला, थरथरला, पांढराशुभ्र झाला, आणि त्या उजेडातून पर्वतासारखा होऊन बाहेर पडला. विनायक माझ्या खांद्यावरून वाकून बघत होता. “मोठा झाला की रे...” म्हणाला, आणि तेवढ्यात त्याच्या वडिलांचा फोन आला. आण्णा किल्ली आत विसरून दार ओढून बसले होते. विनायक उठला. मी म्हटलं, अरे दगडू? “असू दे तुझ्याकडं. पुढच्या रविवारी घेतो. आणि नीट ठेव!” तो जिन्याकडे गेला. तो पुढचा रविवार म्हणजे माझ्या अर्ध्या दाढीचा रविवार.

तेव्हापासून दगडू माझ्याकडे आहे आणि माझं ऐकत नाही. हे मी भावनेच्या भरात लिहीत नाही, तसा नियमच आहे: खेळणारा कच्चा असेल तर दुसऱ्याकडून आलेला बलवान प्राणी त्याला जुमानत नाही. मी हुकूम सोडतो, तो पाठ फिरवतो. कधी झोपतो. खाली बारीक अक्षरांत विनायकचं नाव. घरात सगळे आपापल्या कामात असतात आणि मी त्या डोंगराच्या पाठीकडे बघत बसतो, की बाबा, तुझी काय इच्छा आहे? त्याला घरी पोचवायचं, एवढं एकच काम माझ्याकडे राहिलं होतं आणि तेवढंच करायची छाती होत नव्हती. त्यासाठी विनायकची डबी हवी. ज्या बापाचा पोटचा मुलगा गेलाय, त्याच्या दारात जाऊन काय सांगू? आण्णा, ते खेळणं द्या, माझ्याकडे तुमच्या मुलाचा एक दगड राहिलाय? त्यात माझा तो संदेश. डबी बहिणीने साताऱ्याला नेली असेल, कुणा पोराला दिली असेल, नाहीतर बंद पडली असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. ती मला सोयीची होती.

काही आठवडे गेले. मग एका दुपारी गाडी सर्व्हिसिंगला टाकायला कासारवाडीत गेलो होतो. काम होईपर्यंत स्टेशनमागच्या त्यांच्या गल्लीवरून उगाच चालत गेलो. पुढच्या टपरीवर पैसे काढायला पिशवीत हात घातला आणि हात तसाच राहिला. पिशवीच्या तळाशी हिरवा दिवा लागला होता.

भर दुपारी, वर्दळीच्या रस्त्यावर मी पिशवीत वाकून बघत राहिलो. चहावाला म्हणाला, “साहेब, बसा, ऊन लागलं वाटतं.” मी बसलो. डबी उघडली. पिवळ्या हेल्मेटातला बाहुला तुरुतुरु चालत आला, हात हलवला आणि म्हणाला, ‘बस आली का?’ खाली आमच्या भेटींचा आकडा होता. तो एकाने वाढला होता.

मेलेल्या माणसाशी माझी भेट झाली होती आणि तिची नोंदही झाली होती. बराच वेळ मी चहा न पिता बसलो. मग हळूहळू डोकं चालू लागलं. मिटून ठेवलेली डबी काही दिवसांतच मान टाकते. इतके आठवडे ती जागी असेल, तर कुणीतरी तिला रोज वीज पाजतंय.

दार आण्णांनी उघडलं. मूळचे मावळातले, इथल्याच एका कारखान्यातून निवृत्त झालेले. त्यांनी मला ओळखलं, आत घेतलं, आणि मी काही बोलायच्या आत मला ती दिसली. टीव्हीशेजारी, फडक्यावर, वायर लावलेली.

“ती डबी व्हय?” आण्णा म्हणाले. “लाल दिवा लागला की पिन लावायची, असं इन्यानं सांगून ठेवलंय. शिफ्टला जाताना सांगायचा. मी लय शिव्या दिल्या त्याला, चाळीस वर्साचा घोडा अन् खेळणं सुटंना. पन लावायचो. आता बी लाल दिसला का हात जातोच की...” मग ते खुर्चीत बसले आणि माझ्याकडे सरळ बघत म्हणाले, “आन् त्यो दगडू कोन? तू त्याच्या फोनवर लिवलं हुतं. मंदा म्हनली, कुनी दोस्त आसंल. मी म्हनलं, दगडूला बी कळवा गं. पन त्याचा नंबर कुनाकडंच न्हाई.”

मी आयुष्यात पुष्कळ ठिकाणी तोंडघशी पडलोय, पण इतका हळुवार कधीच नाही. मी डबी काढली, त्यांना दगडू दाखवला, सगळं सांगितलं. पहिला प्राणी, दुसऱ्याच्या हाती दिल्यावर पालटणं, विसरलेली किल्ली. त्यांनी चष्मा लावून पुष्कळ वेळ तो डोंगर न्याहाळला. खाली मुलाचं नाव होतं, त्यावर बोट ठेवलं. मी म्हटलं, आण्णा, हा तुमच्या घरचा आहे, द्यायला आलोय. दोन डब्या टेबलावर शेजारी ठेवल्या. विनायकची मी त्यांच्याच हातात दिली. माझं कबूतर तिकडे, त्यांचा दगडू इकडे, आणि दोन्ही पडद्यांवर एकच प्रश्न: अदलाबदल करायची? “हे उजवीकडचं बटण दाबलं की हो, हे खालचं दाबलं की नाही,” मी सांगितलं आणि माझ्याकडून ‘हो’ दाबलं.

आण्णांचा अंगठा वरच थांबला. “ह्यो इकडं आला का मग?”

“मग झालं.”

“झालं म्हंजी?”

“म्हणजे... पूर्ण झालं, आण्णा. माझ्याकडे काही राहिलं नाही.”

त्यांनी दोन्ही पडद्यांकडे आळीपाळीने पाहिलं. मग अंगठा खाली आला, खालच्या बटणावर. पडद्यावर अक्षरं आली, की समोरच्याने नकार दिला आहे.

“चुकलं वाटतं,” आण्णा म्हणाले.

“असू द्या, पुन्हा करू.”

“आता नगं. च्या ठिवतो. फुडच्या रईवारी बघू.” आणि डबी मिटून, फडक्याने पुसून, त्यांनी तिला वायर लावली.

त्यानंतर मी दर रविवारी जातो. दर रविवारी मी त्यांना उजवं बटण आणि खालचं बटण नव्याने समजावतो, ते मन लावून ऐकतात आणि नेमकं चुकतात. आयुष्यभर लेथ चालवलेला माणूस दोन बटणांत चुकत नाही, हे मला समजतं, आणि मला समजलंय हे त्यांना. आम्ही त्यावर बोलत नाही. चहा होतो, दगडूची चौकशी होते. “ऐकतो का आता?” “नाही, आण्णा.” “न्हाईच ऐकायचा. कुनाचा हाय!”

परतताना मी स्टेशनच्या बाकावर टेकतो, आमच्याच. पिशवीत हिरवा दिवा लागलेला असतो. डबी उघडतो. पिवळ्या हेल्मेटातला बाहुला चालत येतो, मागच्या रविवारसारखाच हात हलवतो आणि विचारतो, बस आली का?

शेजारी कुणी नाही, असं बघून मी सांगतो, नाही रे अजून.