कंदील घेऊन राजवाड्यात

मंगळवार, संध्याकाळचे बरोबर सहा. फ्रीमाँटला गौरीच्या स्वयंपाकघरात आम्ही चौघी चार फोन घेऊन उभ्या होतो, तिथून हे सगळं सुरू झालं.

इथे प्रत्येक मराठी घरात दह्याच्या रिकाम्या डब्यांचं एक कपाट असतं. डबे कोणी मुद्दाम साठवत नाही, पण टाकवतही नाहीत. एक दिवस दार उघडलं की सगळे धडाधड अंगावर! किस्स्यांचं तसंच आहे. आम्ही चार बायका आणि एक चार वर्षांची मुलगी दोन दिवस कोरियात राहून आलो, आणि आता कोणी नुसतं "कसा झाला प्रवास?" विचारलं तरी दार उघडतं.

आधी माणसं सांगते. गौरी सांता क्लाराला मोठ्या ऑफिसात आहे, हाताखाली पुष्कळ माणसं. तिच्याकडे मी पोळ्या करून देते, तिथूनच आमची मैत्री. उल्का मावशी नागपूरच्या, पोस्टातून रिटायर झाल्या, आता लेकाकडे आमच्याच रस्त्यावर राहतात. नेहा पुण्याची, इथे एम.एस. करते आणि अभ्यासातून वेळ मिळाला की कोरियन सीरियल बघते. म्हणजे खरं तर उलटं. आणि मी शीतल, आणि माझी अन्वी.

दिवाळीला सगळ्यांनाच भारतात जायचं होतं. विमान कोरियातल्या सोलवरून जाणार होतं. नेहा म्हणाली, "मग दोन रात्री तिथे थांबू या ना यार! एक जुना राजवाडा आहे, रात्री हातात कंदील देऊन दाखवतात."

झालं. ठरलं.

*

तिकिटं सोलच्या सकाळी दहाला सुटतात, म्हणजे आमच्या संध्याकाळी सहाला. आणि बघता बघता संपतात. म्हणून गौरीने ऑफिससारखी मीटिंग घेतली. कोणी काय दाबायचं, कधी दाबायचं, सगळं लिहून दिलं. मी सातवी शिकलेली, म्हणून मला सगळ्यात सोपं काम. "शीतल, तू फक्त हे हिरवं बटण दाब. मग रांगेतला नंबर येईल. त्यानंतर कशालाही हात लावायचा नाही!"

सहा वाजले. चौघींनी बटण दाबलं. नेहाला धीर धरवेना, तिने पान पुन्हा उघडलं, तर ती रांगेच्या शेवटी गेली. गौरीने तर लॅपटॉप आणि फोन दोन्हीकडून घुसायचा प्रयत्न केला, दोन्हीकडून बाहेर. मावशींच्या फोनवर नेमका नागपूरहून भावाचा व्हिडिओ कॉल आला. "काहून उचलत नाहीस बाप्पा? जेवलीस का?"

माझ्या फोनवर नंबर कमी होत होत शून्य झाला आणि राजवाडा उघडला!

गौरी टेबलाला वळसा घालून धावत आली. "अगं, तू काय केलंस?"

"काही नाही. भीतीने हातच लावला नाही."

गौरी खुर्चीत बसली. म्हणाली, "आमच्या ऑफिसात हे एकालाही जमत नाही!"

*

आनंद झाला, पण तो पाचच मिनिटं टिकला. नेहाने तिकिटाखालचे नियम वाचून दाखवले. बागेत अंधार असतो, हातातल्या कंदिलाएवढाच उजेड. दीड तास चालायचं. एकदा आत गेलं की मधून बाहेर पडता येत नाही.

मी अन्वीकडे बघितलं. ती टेबलाखाली बसली होती, घरभर दिवे लागलेले असताना हातात टॉर्च लावून.

मागच्या हिवाळ्यात वादळात आमची दोन रात्री वीज गेली होती. तेव्हापासून तिचं असं. झोपताना दिवा, बाथरूममध्ये दिवा, दिवस कलला की आईचा हात. अंधार झाला की इतकी रडते की श्वास अडकतो, ओठ निळे पडतात. डॉक्टर म्हणाल्या, मोठी झाली की जाईल. पण मोठी होईपर्यंत रात्री तर रोज येतात ना! आणि आता दीड तास अंधारात, परक्या देशात, आणि मधून बाहेर पडता येणार नाही.

"मी आणि अन्वी हॉटेलवर थांबू," मी म्हणाले.

"नाही," गौरी म्हणाली. "आपल्याकडे तीन आठवडे आहेत. प्रॅक्टिस करू."

*

गौरीने तक्ता पाठवला. पहिला दिवस, दहा सेकंद अंधार. दुसरा दिवस, वीस सेकंद. नवऱ्याने, संदीपने, तो फ्रिजवर चिकटवला. तो रेस्टॉरंटच्या किचनमध्ये कामाला, त्याला आमच्याबरोबर सुट्टी मिळत नव्हती. म्हणून घरी होता तेवढा उत्साह दाखवत होता.

पहिल्या रात्री त्याने हॉलचा दिवा घालवला. तर मायक्रोवेव्हचं घड्याळ चमकतंय, इंटरनेटचा डबा लुकलुकतोय, टीव्हीखाली लाल ठिपका. ते सगळं झाकलं तर बाहेरून शेजाऱ्यांच्या गॅरेजचा दिवा! संदीप म्हणाला, "या देशात सगळं मिळतं, अंधार नाही मिळत."

शेवटी मी आणि अन्वी कपड्यांच्या क्लोजेटमध्ये शिरलो. संदीपने बाहेरून दार लावलं आणि आकडे मोजायला लागला. एक, दोन, तीन. मी तिला घट्ट धरलं. चार, पाच. तिचा श्वास ऐकू येतोय का, तेच मी ऐकत होते. सहा झाले आणि दार धाडकन उघडलं.

मीच उघडलं होतं.

अन्वी जॅकेटांमधून बाहेर आली. बापाला म्हणाली, "बाबा, आई लॉस्ट!"

*

बुधवारी दुपारी निघालो, गुरुवारी संध्याकाळी पोचलो. मधली रात्र कुठे गेली ते गौरीने मावशींना टिश्यू पेपरवर पृथ्वी काढून समजावलं.

मावशींनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "म्हणजे बुधवारची रात्र आलीच नाही?"

"तशी नाहीच आली, मावशी."

"आणि परत येताना?"

"येताना एक दिवस जास्तीचा मिळतो."

"मग बरं आहे. तेव्हा झोपते." असं म्हणून मावशी पुढचे चार तास खिडकीजवळ बसून जाग्या राहिल्या! का, तर पैसे भरून आलोय, सूर्य मावळत कसा नाही ते बघते म्हणाल्या.

*

शुक्रवारी राजवाड्याकडे जायला टॅक्सी केली. नेहा म्हणाली, "मी बोलते, मला येतं." आणि आलं की! ती बोलायला लागली तशी टॅक्सीवाल्या काकांनी आरशात बघितलं. पन्नाशीचे, टापटीप, पांढरे हातमोजे घातलेले. नेहा अजून बोलली. काकांचे खांदे हलायला लागले. नेहाने मान खाली घालून आणखी एक लांब वाक्य म्हटलं, तशी काकांनी गाडी कडेला घेतली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून हसले, हसले, डोळे पुसले.

"अगं, काय म्हणालीस त्यांना?" गौरीने विचारलं.

नेहा लाल झाली होती. तिचं सगळं कोरियन राजा-राणीच्या सीरियलमधलं. आम्ही पत्ता आधी चुकीचा सांगितला होता, त्याबद्दल तिला सॉरी म्हणायचं होतं. पण सीरियलमध्ये सॉरी कोणी म्हणतच नाही. म्हणून ती म्हणाली होती, "महाराज, या दासीकडून घोर अपराध घडला. मला मृत्युदंड द्यावा!"

काका सावरले. मागे वळले, राजासारखा हात वर केला आणि भारदस्त आवाजात काहीतरी बोलले.

"आता काय म्हणाले?"

"म्हणाले, दंड माफ. सीटबेल्ट लाव."

*

राजवाड्याच्या दाराशी पोचलो. एवढं मोठं लाकडी दार, वर रंगीत नक्षी, खाली दगडी पायऱ्या. मावशी थबकल्या आणि वाकून बूट काढायला लागल्या.

"मावशी, काय करताय?"

"राजाचं घर आहे पोरी. बूट घालून जातात का?"

मला पटलं. मी काढले. मग अन्वीचे काढले. गौरी म्हणाली, "असं काही लिहिलेलं नाहीये," पण आम्हाला बघून तिनेही काढले. आम्ही सगळे बूट ओळीने भिंतीशी लावले, देवळाबाहेर लावतो तसे.

मागे वळून बघते तर आमच्यामागचं एक जोडपं बूट काढतंय! त्यांच्यामागचे तिघं लेस सोडतायत. एक भला उंच गोरा माणूस एका पायावर उभा राहून दुसऱ्या पायातला बूट ओढतोय. ओळ चांगली दारापर्यंत गेली.

तेवढ्यात गाईड आली. कोरियन झगा घातलेली, हसरी, तरुण मुलगी. तिने ती ओळ या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितली. मग इंग्रजीत म्हणाली की हे अंगण आहे, पुढे सगळे दगड आणि माती आहे, कृपा करून बूट घाला.

"मग तुम्ही का काढलेत?" तिने त्या उंच माणसाला विचारलं.

त्याने मावशींकडे बोट दाखवलं. "या माहीतगार वाटल्या!"

*

दोघांत एक असे कंदील मिळाले. आत बॅटरीचा दिवा, वर लाल-निळं कापड. आमचा अन्वीने धरला. अंधार पडला होता, पण मोठ्या अंगणात भिंतींवर दिवे होते. ती कंदिलाकडे बघत चालली होती आणि मी तिच्या ओठांकडे.

एका मोठ्या चौकात गाईड थांबली. म्हणाली, इथून राजघराण्यातले लोक चंद्र बघायचे. आणि खरंच, कौलांच्या टोकावर चंद्र आला होता, थोडासा कुरतडलेला. सगळ्यांनी फोन वर केले.

मावशींनी पर्स उघडली.

त्या दिवशी संकष्टी होती! मावशींचा सकाळपासून उपास. सोलचा चंद्रोदय किती वाजता ते त्यांनी लेकाला तीनदा फोन करून विचारलं होतं. त्यांनी चंद्राला हात जोडले, पुटपुटल्या, आणि छोट्या डबीतून मोदक काढला. फ्रीमाँटहून आणलेला.

गाईड लगबगीने आली. इथे खायला परवानगी नाही, ती हळूच म्हणाली.

नेहाने मध्ये पडून समजावलं, या वेळी साध्या इंग्रजीत. या आजी सकाळपासून उपाशी आहेत. चंद्र दिसल्याशिवाय खात नाहीत. दर महिन्याला.

गाईडने मावशींकडे बघितलं. मोदकाकडे बघितलं. मग पूर्ण पाठ फिरवून उभी राहिली आणि म्हणाली, "मी आता एक मिनिट चंद्र बघणार आहे."

*

आणि मग ती बाग.

चौक संपला आणि झाडी सुरू झाली. भिंतींवरचे दिवे मागे राहिले. चंद्र झाडांच्या वर कुठेतरी अडकला. वाट उतरत होती, आणि पुढे मागे नुसते कंदील हलत होते. अन्वीचा हात माझ्या हातात ओला झाला होता. की माझाच घाम होता, माहीत नाही. दर दहा पावलांना मी विचारत होते, "बरी आहेस ना?" आणि ती "हो" म्हणत होती, पण आवाज बारीक बारीक होत चालला होता.

तळ्याशी पोचलो. सगळे काठाने उभे राहिले. गाईड म्हणाली, पलीकडच्या मंडपात बासरी वाजणार आहे. राजाच्या काळात ऐकायचे तशी ऐका. आता सगळ्यांनी आपापले कंदील बंद करा. एकच मिनिट.

मी म्हणणार होते की आमचा राहू दे, लहान मुलगी आहे. पण इंग्रजी शब्द जुळेपर्यंत एकेक कंदील विझायला लागला. गौरीचा, नेहाचा, समोरच्यांचे सगळे. शेवटी आमचा एकटाच उरला. अन्वीने माझ्याकडे बघितलं. मग कंदिलाकडे. आणि खट्!

काहीच दिसेना. स्वतःचा हातसुद्धा नाही. बासरी सुरू झाली, लांबून, संथ. मी तिच्या शेजारी गुडघ्यावर बसले, एका हाताने तिचा हात धरला आणि आकडे मोजायला लागले. एक, दोन, तीन. चार.

पाचला रडण्याचा आवाज आला. दाबलेला, अडकत अडकत येणारा हुंदका, अगदी कानाशी. मी तिच्या चेहऱ्यावर हात फिरवला.

गाल कोरडे होते.

हुंदका पुन्हा आला. आमच्या मागून, वरून.

अन्वी वळली. अंधारात तिचा आवाज आला, घरी बाहुलीशी बोलते तसा, न घाबरता. "गौरी मावशी, डोन्ट क्राय. इट्स ओन्ली डार्क. आईचा दुसरा हात रिकामा आहे, तो घे."

आणि घेतला की हो! दोन्ही हातांनी, बासरी संपेपर्यंत.

तुमच्या ओळखीत कुणा आईच्या घरी रात्रभर दिवे जळत असतील तर तिला हे नक्की सांगा. मी गौरीचं नाव बदललंय, तुम्ही सांगताना आणखी एकदा बदला!