रांगेत रमणारे आमचे इवाई

रांग ही माणसांना छळण्यासाठी नसून त्यांची एकमेकांशी ओळख व्हावी म्हणून कोण्या भल्या माणसाने काढलेली सोय आहे, असं मनापासून मानणारा एकच गृहस्थ मी या जगात पाहिला, आणि नशीब असं की तो माझा व्याही निघाला. आमच्या भागात व्याह्याला इवाई म्हणतात. माझा मुलगा आणि त्यांची मुलगी लग्न करून पुण्याला संसार थाटून बसले, आणि इकडे चंद्रपूर जिल्ह्यात मूल गावी मी नि नागभीडला ते, असे दोन म्हातारे एकमेकांच्या वाट्याला आलो. इवाई एसटीत कंडक्टर होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण ही बातमी त्यांच्या शरीराला अजून कोणी कळवलेली नाही. बस रिकामी असली तरी ते बसत नाहीत, दाराजवळच्या दांड्याला पाठ टेकून उभे राहतात. माणसं त्यांना नावाने आठवत नाहीत, थांब्याने आठवतात. मुलांच्या लग्नात मी माझ्या मेहुण्याची ओळख करून द्यायला गेलो तर त्यांनी त्याला खालीवर न्याहाळलं आणि म्हणाले, "हे राजोलीवाले ना? सामान लय असते यांच्यापाशी." जेवणाची पंगत भरली तेव्हा मुलीचा बाप असूनही ते मधून फिरत "सरका, सरका, मधात जागा आहे" म्हणत राहिले, आणि मांडवात मावतील त्याच्या दीडपट माणसं त्यांनी एका पंगतीत जेववून उठवली. कोणाचं कोपर कोणाच्या वरणात गेलं ते विचारू नका.

मी स्वतः पोस्टात होतो. म्हणजे माझं आयुष्य खिडकीच्या आतल्या बाजूला गेलं, आणि रांग मी फक्त समोरून पाहिली होती. इवाईंनी ती आतून जगलेली. वीजबिल भरायला गेले की ते मुद्दाम सगळ्यात लांब रांगेत उभे राहतात, कारण आखूड रांगेत बोलणं अर्धवट राहतं. पुढच्याला पहिला प्रश्न "गाव कोणतं?", दुसरा "कोणाच्या घरचे?", आणि तिसऱ्या प्रश्नाला काही ना काही नातं निघतंच. नाही निघालं तर ते थोडे दुःखी होतात आणि मागच्याकडे वळतात. एकदा त्यांचा नंबर आला तेव्हा गोष्ट ऐन रंगात होती, म्हणून त्यांनी मागच्याला पुढे जाऊ दिलं, मग त्याच्या मागच्याला, आणि शेवटी खिडकी बंद झाली. बिल राहूनच गेलं, पण चिमूरकडच्या एका मुलीचं स्थळ जमवून आले. मी हसलो तेव्हा त्यांनी मला गंभीरपणे समजावलं, "राग आला का माणूस दोन रांगेत उभा राह्यते, इवाई. एक बाहेर न् एक पोटात. मी एकाच रांगेत राह्यतो, म्हणून मले थकवा येत नाई."

हे सगळं मला गमतीचं वाटत होतं, माझ्या बायकोचे हात आखडेपर्यंत. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. तिच्यासारखं फळ्यावरचं अक्षर तालुक्यात नाही असं साहेबलोक म्हणत. तिला सांध्यांचा आजार जडला. आधी बोटं सुजली, मग खडू धरवेना, मग वेणी घालता येईना. चंद्रपूरच्या डॉक्टरांनी एक इंजेक्शन सुरू केलं. ठरावीक दिवसांनी दवाखान्यात जाऊन सलाइनमधून घ्यायचं. त्याने जादू केली. तिचे हात पुन्हा मिटू-उघडू लागले. मात्र डॉक्टरांनी बजावलं होतं, इंजेक्शनची पाळी चुकवू नका, एकदा सांधे वाकडे झाले की औषध ते सरळ करत नाही. मुलाच्या कंपनीच्या विम्यात आई-वडील बसत होते, त्यामुळे औषध विम्यातून मिळायचं. आणि एका पाळीला विम्याकडून मंजुरीच आली नाही.

कारण विचारलं तर कळलं, नाव जुळत नाही. आधारवर ती कुंदा, आणि नव्या वर्षाच्या विम्यात कोणीतरी तिला कुंदाबाई करून ठेवलेलं. मी फोन केले. प्रत्येक वेळी नवा आवाज, प्रत्येक वेळी पहिल्यापासून सगळी कहाणी, आणि शेवटी "आपली तक्रार नोंदवली आहे" एवढंच. खिडकीच्या आत बसलेल्या माणसाला बाहेर उभं राहणं जमत नाही. मी फोनवर आवाज चढवायचो आणि नंतर पाणी पीत बसायचो. तोवर बायकोची बोटं पुन्हा सुजायला लागली. ती तक्रार करायची नाही. फक्त सकाळी चहाचा कप दोन्ही हातांनी धरायची, आणि ते मला पाहवत नसे.

इवाईंना पुण्याहून मुलीने कळवलं असावं. ते पहिल्या गाडीने मूलला हजर झाले. हातात पिशवी, पिशवीत चिवडा आणि खांद्यावर दुपट्टा. आले ते सरळ फोन घेऊन ओसरीत बसले. पलीकडून आधी ध्वनिमुद्रित बाई बोलली की आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, कृपया प्रतीक्षा करा. इवाईंनी तिलाही उत्तर दिलं. "जय भीम बाई. तुमचं चालू द्या, मी आहो इथी." मग गाणं लागलं. ते त्यांनी मांडीवर ताल धरून ऐकलं. माझी बायको स्वयंपाकघरात तोंडाला पदर लावून हसत होती. त्या घरात कितीतरी दिवसांनी कोणी हसलं होतं.

असे ते रोज येऊन फोन करू लागले. बहुतेक वेळा पलीकडून कोणी ना कोणी हिंदीत बोलायचं, मग इवाईही आपल्या हिंदीत शिरायचे, जी बऱ्याचदा मराठीच असायची. "बाई" म्हणजे आमच्याकडे मान असतो, चूक नसते, हे त्यांनी देशातल्या अनेक तरुण मुलामुलींना तपशीलवार समजावून सांगितलं. त्यांचं गाव विचारलं, जेवण झालं का विचारलं. काम काडीचं झालं नाही. मी आतून चिडत होतो, पण बोलायची सोय नव्हती, कारण एवढं सगळं करून माणूस ताजातवाना. मग एके दिवशी एका मुलीने ठरलेली वाक्यं म्हणून संपवली, तेव्हा इवाईंनी वाद घातला नाही. शांतपणे विचारलं, "बेटी, तू मेरी जगह रहती तो क्या करती?"

ती मुलगी हळू आवाजात म्हणाली की तुम्ही कितीही फोन केलेत तरी आमच्या हातात फक्त नोंद करणं आहे. दवाखान्यातल्या विम्याच्या टेबलावरून ही एकच व्यक्ती आहे असं त्यांनी कळवलं, तर फाइल पुढे सरकते. हे इतक्या दिवसांत आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर आम्ही कोणी विचारलंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी इवाई चंद्रपूरला दवाखान्यात जाऊन बसले. विम्याच्या टेबलामागचा माणूस सकाळपासून लोकांच्या शिव्या खाऊन आंबलेला. इवाईंनी त्याला काहीच मागितलं नाही. समोरच्या खुर्चीत बसून राहिले, आलेल्या माणसांना "तुमच्या आधी त्या बाई आहेत" असं सांगत टेबलासमोरची झुंबड एका ओळीत आणली, आणि दुपारी चिवड्याची पुडी उघडून त्याच्या पुढे सरकवली. त्या माणसाने चिवडा खाल्ला, मग आपणहून विचारलं, "काका, तुमचं काय आहे?" संध्याकाळी मंजुरी आली.

पण आली तीही मुदत घालून. ठरलेल्या दिवसाच्या आत इंजेक्शन दिलं नाही तर पुन्हा सगळं पहिल्यापासून. आणि दवाखान्याचा औषधवाला म्हणाला, माल नागपूरहून यायचाय, गाडी कधी येईल सांगता येत नाही. आज येईल, उद्या येईल करता करता मुदतीचा शेवटचा दिवस उजाडला. तेव्हा त्याने नागपूरच्या ठोक विक्रेत्याला फोन करून सांगितलं की पेशंटचा नवराच येतोय, त्याच्या सहीवर औषध त्याच्याकडे द्या. मी आणि इवाई पहाटेच्या गाडीने निघालो. बायको दवाखान्यात जाऊन थांबली.

नागपूरला एक लहानसा पांढरा थर्माकोलचा डबा आमच्या हाती आला. देणाऱ्याने बजावलं, औषध गरम होऊ देऊ नका आणि गोठूही देऊ नका. उन्हाचे दिवस होते. इवाईंनी डबा दुपट्ट्यात गुंडाळला आणि चंद्रपूरच्या बसमध्ये चढल्यावर, माझ्या देखत आयुष्यात पहिल्यांदा, सीटवर बसले. उभं राहिलो तर डबा हलेल, म्हणाले. शेजारच्याने कुठले म्हणून विचारलं तर "नागभीड" एवढं एकच उत्तर दिलं आणि पुन्हा डब्याकडे पाहू लागले. त्याचं गाव विचारलं नाही. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

भद्रावतीच्या अलीकडे गाड्या थांबल्या. पुढे कोळशाचा एक ट्रक रस्त्यात आडवा झाला होता. माणसं खाली उतरली, सावली शोधू लागली, कोणी पानाची चंची काढली. हे तर इवाईंचं खास राज्य. इतकी माणसं, इतका वेळ आणि कोणालाच कुठे जायची सोय नाही. मी मनात म्हटलं, आता हे रमणार. पण ते खिडकीतून पुढे पाहत होते. थोड्या वेळाने त्यांनी घड्याळ पाहिलं. त्यांच्या हातात घड्याळ आहे हे मला तोवर ठाऊक नव्हतं. पुन्हा पाहिलं. मग उठले.

"चला," म्हणाले.

"कुठे?" मी विचारलं. "इवाई, रस्ता मोकळा होईलच की."

"आयुष्यभर मी लोकांले थांबा म्हणलो," ते म्हणाले. "आज मलेच थांबवत नाई, भाऊ."

त्यांनी डबा छातीशी धरला आणि ट्रकांच्या कडेकडेने चालू लागले. मी पिशवी घेऊन मागे. रस्ता तापलेला, कोळशाची धूळ, आणि पुढे त्यांची पाठ. पलीकडे, जिथे रस्ता मोकळा होत होता, तिथे गावातल्या बाजूने आलेली एक पिकअप वळत होती. मागे बर्फात मासोळ्या. तळ्याचा माल घेऊन एक नवरा-बायको चंद्रपूरच्या बाजारात निघाले होते. इवाईंनी हात आडवा केला. एका हाताने डबा धरून, दुसऱ्या हाताने अख्खी गाडी थांबवायची ती जुनी रीत. बाईंनी विचारलं, डब्यात काय आहे. ते म्हणाले, माझ्या विहीणबाईंचे हात आहेत. त्या बाईंनी एक शब्द न बोलता पुढची जागा त्यांना दिली आणि स्वतः माझ्याबरोबर मागे मासोळ्यांच्या टोपल्यांशेजारी बसल्या. वाटेत एकदा गाडी थांबवून त्यांनी गोणपाटाखालचा थोडा बर्फ काढला, आणि इवाईंनी तो औषधाला लागू नये म्हणून दुपट्ट्याच्या घडीबाहेर ठेवला.

दवाखान्यात पोचलो तेव्हा नर्स आवरायला लागली होती. तिने डबा हातात घेतला आणि नाक मुरडलं. यात काय आणलं, म्हणाली. इवाई धापा टाकत म्हणाले, "औषधच आहे बाई. गाडी मासोळ्यांची होती." पलंगावर बसलेली माझी बायको हसली ती हसतच राहिली, इतकी की नर्सला सुई टोचायला थांबावं लागलं. सलाइन सुरू झालं, थेंब पडू लागले, आणि मग इवाई बाहेर जाऊन भिंतीला टेकून खाली बसले. मी पाणी घेऊन गेलो. त्यांनी ते एका दमात संपवलं. शेजारच्या बाकावर कोणी म्हातारा होता. जरा वेळाने त्यांनी त्याच्याकडे मान वळवली आणि हळूच विचारलं, "गाव कोणतं?"

त्या गोष्टीला आता बरेच महिने झाले. नाव दुरुस्त झालं, बायकोची "बाई" विम्याने परत घेतली. ती पुन्हा फळ्यावर लिहिते. इवाई मात्र दर पाळीला येत राहिले, काही अडलं तर असावं म्हणून. अडत काहीच नसे. मंजुरी मोबाइलवर येते, औषध दुकानात आधीच येऊन बसलेलं असतं. ते दवाखान्याच्या बाकावर थोडा वेळ टेकतात आणि संध्याकाळच्या गाडीने परत जातात. त्यांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली. नागभीडच्या घरात आता एकच खोली उघडी असते.

मागच्या आठवड्यात त्यांचा फोन आला. काही अडचण नाही ना, म्हणाले. मी म्हटलं, या वेळी सगळं वेळेच्या आधी झालं, इंजेक्शन झालंसुद्धा. "बरं झालं," ते म्हणाले. पण फोन ठेवला नाही. मी म्हटलं, इवाई, या ना मग. "काम काय आहे?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, काही नाही. ते घुटमळले. बिनकामाचं येणं मले जमत नाई, म्हणाले. तेव्हा बायकोने माझ्या हातातून फोन घेतला आणि म्हणाली, "भाऊ, काही काम नाही. म्हणूनच या."

ते आले. दोन दिवस राहिले. सकाळी मी त्यांना तळ्याच्या पाळीवरून फिरवून आणलं, धानाच्या गिरण्यांकडून, बाजारातून. कुठे थांबायचं नव्हतं, कुठे वेळेवर पोचायचंही नव्हतं. परत येताना ते चौकात उभे राहिले आणि चारी बाजूंना पाहत राहिले, जरा ओशाळल्यासारखे.

"बरं गाव आहे हे," म्हणाले. "इतके वर्षं इथून गेलो, पण कधी पाह्यलंच नाई. गाडी थांबते तेवढंच."