दोन ठिकाणी पाहिलं

१९५८ साल. मी तेव्हा सव्वीस वर्षांचा. हे मी आजवर कोणालेच सांगितलं नाही — पोरांले नाही, बायकोले नाही. बायको तं गेलीही. तिले सांगायचं राहूनच गेलं. आता तुम्ही समोर बसले आहात असं समजून लिहून राहिलो. मधात अडखळलो तं अडखळू द्या.

मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. आम्ही मूळचे नागपूरकडचे, बाप दुर्ग लाइनवर रेल्वेत गँगमन. भिलाईत कारखाना उभा राहू लागला तेव्हा मी खलाशांच्या टोळीत लागलो — जड लोखंड उचलून जागेवर नेऊन बसवायचं काम. टोळीत वाचता येणारा मी एकटा. कोणाची चिठ्ठी आली, माझ्याकडे. नोटीस लागली, माझ्याकडे. सगळे मले 'मास्तर' म्हणायचे. काय सांगू, त्या एका शब्दानं छाती किती फुगायची! आणि एकदा मास्तर झालेला माणूस दुसऱ्याले काही विचारत नाही. मी तं कधीच विचारलं नाही.

कॅम्पात टिनाच्या छपराखाली एक वाचनालय होतं. तिथं संध्याकाळी मोठ्या माणसांचा वर्ग भरायचा. अक्षरओळखीचा नाही — ज्यांले थोडंफार वाचता येते त्यांले शोधायचं कसं, हे शिकवायचा. गुरुजी दुर्गचे, आपलेच मराठी, दिवसा कुठंतरी कारकुनी करायचे. माणूस बारीक, आवाज त्याहून बारीक. टाइमटेबलात गाडी कशी काढायची, डिक्शनरीत शब्द कसा काढायचा, पेपरात छापलं ते मुळात सांगितलं कोणी हे कसं ताडायचं — असं सगळं. प्रत्येकाले एक वही दिली होती. वहीत तीन रकाने. काय शोधलं, कुठं पाहिलं, कोणाले विचारलं. आणि नियम एकच, की एखादी गोष्ट 'नाही' असं सांगायचं असेल तं दोन ठिकाणी पाहिल्याबिगर सांगायचं नाही.

"तुम्हाला सापडलं नाही, एवढंच तुम्हाला माहीत असतं," गुरुजी म्हणायचे. "नाही म्हणणं फार मोठं बोलणं आहे."

माझा तिसरा रकाना नेहमी कोरा. गुरुजी त्याच्यावर बोट ठेवून पाहायचे माझ्याकडे, मी म्हणायचो — गरज नाही पडली.

मग त्यांनी एक काम दिलं. वस्तीतल्या एका माणसाचा खरा प्रश्न घ्यायचा, उत्तर शोधून त्याले सांगायचं, वहीत लिहायचं. मी सुकालूचा प्रश्न घेतला.

सुकालू छत्तीसगढी माणूस, माझ्याच वयाचा. रिसालीच्या बाजूले त्याचं शेत होतं, ते कारखान्यात गेलं. गावातले बाकीचे पांगले. हा कॅम्पाच्या कडेले झोपडी टाकून राहिला होता — बायको बिसाहिन, दोन पोरी. ठेकेदाराकडं माती वाहायचा, आणि तेही काम संपत आलं होतं. जमीन गेलेल्यांपैकी काही जणांले पक्की नोकरी मिळणार, त्यांची यादी ऑफिसच्या फळ्यावर लागली, असं त्याच्या कानावर आलं. नाव असलं तं ठरल्या मुदतीत जाऊन अंगठा द्यायचा. नाव नसलं तं तो आसामले जाणार होता, चहाच्या मळ्यात. मळ्याचा एक सरदार, म्हणजे मुकादम, तिकडं न्यायले माणसं गोळाच करून राहिला होता. म्हणजे आपल्या मातीजवळ राहायचं, की बायकोपोरी घेऊन जन्माचं निघून जायचं — सगळं त्या यादीतल्या एका ओळीवर.

त्याले वाचता येत नव्हतं. पण शेताचा खसरा नंबर — सरकारी कागदावर प्रत्येक शेताले असते तो — त्याले तोंडपाठ होता. तो सांगू लागला. मी त्याले मधातच थांबवलं.

"नंबर-बिंबर राहू दे. मी नावावरून काढतो."

दुपारच्या सुट्टीत ऑफिसात गेलो. यादी आठ-दहा पानांची, हिंदीत, हातानं लिहिलेली. आणि सगळी नंबरानं लावलेली. आधी नंबर, मग गाव, नाव सगळ्यात शेवटी. मी नावं वाचत सुटलो. ऊन डोळ्यावर, मागं गर्दी. पहिलंच पान संपेना. कारकून चांगला माणूस होता, म्हणाला, खसरा नंबर बोला, आत्ता काढून देतो. नंबर कुठून बोलणार? तेवढ्यात मागून आमच्याच टोळीतला एकजण म्हणाला, "कावून मास्तर, आज अक्षरं ओळख देऊन नाही राहिली का?"

हसले सगळे. कारकूनही हसला.

तिथून सुकालूची झोपडी पंधरा मिनिटांवर. जायचं, नंबर विचारायचा, परत यायचं — एवढंच होतं ना? कावून नाही गेलो मी? कारण जाऊन म्हणावं लागलं असतं की बाबा, मले नाही सापडलं, तुझा नंबर सांग. ज्याले क-ख येत नाही त्याले विचारावं लागलं असतं. मी डबा खायले गेलो.

संध्याकाळी त्याले सांगितलं, तुझं नाव नाही. दोन ठिकाणी पाहिलं.

तो हळूच म्हणाला, "बने देखे हस न, भइया?" नीट पाहिलं ना — एवढंच विचारलं त्यानं. आणि मी चिडलो. खोटं बोलणाऱ्याले राग किती पटकन येते! म्हणालो, भरवसा नसेल तं जा, स्वतः वाचून ये.

जा, वाचून ये — हे मी त्याले म्हणालो. त्याची बायको दारात उभी होती, पोरी ऐकत होत्या. त्यानं मान खाली घातली. वरून माफी मागितली माझी.

वहीत मी लिहिलं : कुठं पाहिलं — ऑफिसचा फळा आणि पटवाऱ्याकडची नक्कल. कोणाले विचारलं — पटवाऱ्याले. तिसरा रकाना पहिल्यांदा भरला, तोही असा. गुरुजींनी ते पान वर्गात वाचून दाखवलं. म्हणाले, काम करावं तं असं. दोन-चार जणांनी टाळ्या वाजवल्या. आणि मले — लिहायले हात थांबून राहिला, पण लिहितो — मले बरं वाटलं.

इथंच संपलं असतं तं गर्व म्हणून, आळस म्हणून सोडून दिलं असतं मी स्वतःले. पण संपलं नाही.

चार दिवसांनी गुरुजी वर्गात त्याच यादीची नक्कल घेऊन आले. ज्या यादीत नंबर आधी असते ती वाचायची कशी, हे दाखवायचं होतं त्यांले. एक पान काढून माझ्या हातात दिलं. म्हणाले, तुम्ही हे गाव आधी पाहिलंच आहे, तुम्हीच दाखवा सगळ्यांना.

मी पान घेतलं. दुसऱ्या रकान्यात सुकालूचं गाव. बोट खाली सरकवत गेलो — आणि सातव्या का आठव्या ओळीत सुकालू. पुढं बापाचं नाव, तेच. गाव तेच. खाली तळाशी मुदत लिहिलेली : उद्या दुपारी बारापर्यंत.

बाहेर अजून उजेड होता. गुरुजी माझ्या खांद्याजवळ उभे. मी काय केलं माहीत आहे? मी त्या ओळीवर अंगठा ठेवला. झाकून टाकली ओळ. आणि तिच्या खालच्या माणसाचा नंबर वाचून सगळ्या वर्गाले दाखवलं, की असा नंबर पकडायचा, असं आडवं यायचं, हे नाव. आवाज बिलकुल कापला नाही.

गुरुजी म्हणाले, "बरोबर. अगदी बरोबर."

अंगठा उचलायचा होता फक्त. गुरुजी, मी खोटं लिहिलं — चार शब्द. काय झालं असतं? दहा-बारा माणसं हसली असती. 'मास्तर' म्हणणं बंद झालं असतं. मी एका पारड्यात ते ठेवलं, दुसऱ्या पारड्यात एक घर, आणि माझा काटा इकडं झुकला. घाबरलो म्हणू? घाबरलोच. पण घाबरलेल्या माणसाचे हातपाय कापतात. माझे कापले नाहीत. मी पान परत दिलं, घडी नीट करून.

सुकालूचं पुढं काय झालं, मले माहीत नाही. पोरी कशा वाढल्या, तो मळ्यात टिकला की नाही — मी कधी शोधलं नाही. शोधायचं कसं हे मले येत होतं. चिठ्ठी कोणाले टाकायची, सरदाराचं गाव कुठं विचारायचं, मळ्याचा पत्ता कसा काढायचा — गुरुजींनी सगळं शिकवलं होतं. वर्ग पुरा केला मी. पक्का झालो, क्वार्टर मिळाला, त्यातच पोरं मोठी झाली. आजही बाजूचे लोक मले विचारायले येतात — बाबूजी, पेन्शनच्या कागदाचं काय, या नोटीशीचा मतलब काय. आणि मी सांगतो. ताठ बसून सांगतो.

त्या वर्गानंतर रात्री झोपलो की नाही, आठवत नाही. झोपलोच असेन.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून मी सुकालूकडं गेलो. सांगायले निघालो होतो, हे खरं आहे — पण या खरेपणाची किंमत काही नाही. सात वाजले असतील. दुर्ग स्टेशनले जायची बैलगाडी दारात उभी होती. बाज, एक पेटी, तांदळाचं पोतं, भांडी. शेजारची म्हातारी बिसाहिनले सांगून राहिली होती, अजून एकदा ऑफिसात विचारून पाहा बाई, दुपारपर्यंत मुदत आहे म्हणतात. बिसाहिन म्हणाली, मास्तर भइयानं दोन ठिकाणी पाहिलं, आता कोणाले विचारायचं?

सुकालूनं मले पाहिलं. तो हसला — खरंच हसला. गाडीवरून हात काढून जवळ आला आणि म्हणाला, "तैं नइ रहिते भइया, त हमन आस धरे बइठे रहितेन."

तू नसता तं आम्ही आस लावून बसलो असतो.

बारा वाजायले पाच तास होते. ऑफिस पंधरा मिनिटांवर.

सामान एका बाजूले कलत होतं, त्याले दोर नीट आवळता येत नव्हता. मी त्याच्या हातातून दोर घेतला. पेटी मधात सरकवली, बाज उलटी घातली, पोतं मागं टेकवलं. दोन वेढे घेऊन गाठ मारली, दुर्गपर्यंत सुटणार नाही अशी. मग गाडी धरून हलवून पाहिली.

काही हललं नाही. मी म्हणालो, जा आता.