पुरणपोळीचं ताट नकाशावर कुठे ठेवायचं?

अय्यो, ऐका हो सगळे! हात अजून पिठाचेच आहेत, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही.

इथे मैसूरला आमच्या घरी रविवारी लेकीचा भूगोल स्वयंपाकघरात चालतो. एक प्रदेश, एक पदार्थ. ताट तयार झालं की जमिनीवर पसरलेल्या नकाशावर त्या जागी ठेवायचं, मगच खायचं.

आज महाराष्ट्राची पाळी. मी फुशारकी मारली, "आपले पूर्वज साताऱ्याहून मैसूरच्या फौजेत आले ना, तेव्हापासून आपली पुरणपोळी जशीच्या तशी आहे!" लेकीनं ताट साताऱ्यावर ठेवलं.

शेजारच्या काकू नुकत्याच साताऱ्याहून इथे राहायला आल्यात. त्यांना मुद्दाम बोलावलं होतं. पहिला घास घेऊन म्हणाल्या, "छान झालीय गं! पण पुरण तूरडाळीचं का? आमच्याकडे हरभऱ्याच्या डाळीचं करतात."

माझी आई तूरडाळच शिजवायची, तिची आईसुद्धा. इथे सगळी गल्लीच तूरडाळीचं पुरण करते.

लेकीनं ताट उचललं आणि सरळ मैसूरवर ठेवलं. "अम्मा, मग हे इथलंच, अल्वा? हो ना?"

रडावं की हसावं, कळेना मला.

तेवढ्यात ती काकूंकडे वळली. "तुम्ही पण खूप वर्षं इथे राहिलात की तूरडाळ घालाल?"

दुसरी पोळी घ्यायला निघालेला काकूंचा हात तिथेच थांबला.

स्थलांतराचा धडा मी तीनदा शिकवला होता हो, आज एका डाळीनं शिकवला!

सांगा बघू, तुमच्या घरातलं कुठलं ताट असं नकळत गाव बदलून बसलंय?